निरगुडीची फांदी

डिसेंबरातल्या त्या रविवारी केदार साडेपाचला उठला, तो पाहुण्यांना फेरीला न्यायला. यात नवल काही नव्हतं. दर रविवारी तो असाच उठायचा, बायको समिधा चहा टाकायची, आणि फटफटताना गळ्यात दुर्बीण अडकवून तो मुंबईकरांना पक्षी दाखवायला निघायचा.

त्याची वाडी माकुणसारच्या बाहेर, सफाळ्याला जाणाऱ्या रस्त्याला लागून. चिकू, नारळ, चार-दोन ताड, मागे तळं, आणि तळ्याच्या बांधापलीकडे खाडीपर्यंत पसरलेलं खाजण. चार वर्षांपूर्वी बोईसरची नोकरी सोडून त्याने वाडीत पाच खोल्या बांधल्या, फाटकावर पाटी लावली, आणि माणसं हवा खायला येऊ लागली. खोल्या तशा साध्याच, पंखे खडखडणारे. लोक यायचे ते सकाळच्या फेरीसाठी. ‘केदारभाईंना प्रत्येक पक्ष्याचं घर ठाऊक आहे,’ असं कुणीतरी मोबाइलवर लिहून गेलं होतं, आणि ते वाक्य मोठ्या अक्षरात छापून त्याने जेवणघराच्या भिंतीवर लावलं होतं.

पण केदारला पक्ष्यांची नावं ठाऊक होती, तीही पुस्तकातून. घरं ठाऊक होती ती नवशाला.

नवशा वाडीमागच्या पाड्यावरचा वारली. केदारच्या आजोबांपासून कामाला. अंगाने काटकुळा, साठी उलटलेला, कमरेला बांधलेल्या लाकडी आकडीत कोयता अडकवलेला. चालताना कोयत्याची मूठ आकडीवर आपटायची... खट्, खट्. तो दिसायच्या आधी ऐकू यायचा. केदार लहान असताना यानेच त्याला खांद्यावर बसवून धनेशाची ढोली दाखवली होती. तरी वाडीतलं शेंबडं पोरसुद्धा त्याला ‘ए नवशा’ अशी हाक मारायचं, आणि तो त्या पोरालाही ‘तुमी’ म्हणायचा. यात काही चुकतंय असं केदारला अडतीस वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं.

फेरीत नवशा कायम सगळ्यांच्या मागे चालायचा. पुढे ये म्हटलं तरी यायचा नाही. “हळू चालनारं मानूस मागं ऱ्हातं भाऊ,” म्हणायचा, “त्याच्या मागं कोनी नको?”

आणि त्याची एक रीत होती. पाहुणे निघायच्या आधी तो एकटा सगळ्या वाटांवरून फिरून यायचा. कुठे साप दिसलाच, तर तिथे वाट अडवून निरगुडीची ताजी फांदी टाकायचा. साप हा शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला नाही, तो जनावर म्हणायचा. फांदीचा शेंडा माणसांकडे, मोडलेलं टोक जनावराकडे. ती दिसली की वाडीतलं माणूस मुकाट मागे फिरायचं. केदारला हे लिहायला-वाचायला यायच्या आधीपासून येत होतं, आणि म्हणूनच पुढे जे झालं ते त्याला कुठल्याच तोंडाने सांगता येईना.

नवशाला जाऊन त्या रविवारी दोन महिने होत आले होते. तो पिऊन शेतात पडला आणि साप चावून मेला, असं सगळा पाडा म्हणत होता.

आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, नवशाची बायको शालू फाटकापाशी येऊन उभी राहिली होती. आत ये म्हटलं तरी आली नाही.

“उद्याला सकाळी त्याचा दिवस घातलाय भाऊ. भगत येनार हाय. पन भावकी बसायला तयार नाय. अकरा वरसं त्यानं ताडीचा थेंब घेतला नाय. पोरगा गेला तवा महालक्ष्मीम्होरं आण घेतलेली. आता म्हनतात, आण मोडली, म्हनून जनावर लागलं. आसल्याच्या दिवसाला आमी बसनार नाय.” तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “तुमी व्हता ना वाडीत तवा? तुमी येऊन एकदा सांगा, तो पिला नव्हता.”

“पाहुणे आहेत गं,” केदार म्हणाला. “बघतो.”

तो बघणार नव्हता. ती वळून गेली, तिच्या पाठीकडे पाहताना त्याला स्वतःची किळस आली. नवशा पिऊन पडला होता हे पाड्याला सांगितलं होतं ते दुसऱ्या कुणी नाही. केदारनेच.

झालं होतं ते असं. ऑक्टोबर, भातकापणीचे दिवस. उन्हं उतरल्यावर केदार दहा-बारा पाहुण्यांना तळ्याकडे घेऊन चालला होता. पलीकडच्या उंबरावर धनेश यायची वेळ. आणि बांधाच्या तोंडाशी निरगुडीची फांदी पडलेली. केदारने ती पाहिली. मागे वळून कॅमेरे सरसावलेली माणसं पाहिली. आता साप म्हटलं की निम्मे घाबरून खोलीत जातील, उरलेले घरी जाऊन काय लिहितील कोण जाणे. म्हातारा हल्ली दोरीलाही भितो, असं मनाशी म्हणत त्याने बुटाच्या टोकाने ती फांदी तळ्यात ढकलली. कुणाला कळलंही नाही.

पाहुण्यांतली एक सहा वर्षांची मुलगी पुढे धावली. बांधाखाली नवशा गवत कापत होता. त्याने मान वर केली, फांदी जागेवर नाही हे पाहिलं, आणि दोन ढांगांत वर चढून मुलीला उचलून बाजूला ठेवलं. ते करताना त्याचा डावा पाय गवतात पडला. तपकिरी, जाडजूड घोणस सरसरत पाण्याकडे गेली. केदारने ती स्वच्छ पाहिली.

“काय झालं?” मुलीच्या आईने विचारलं.

नवशाने केदारकडे पाहिलं. रागाने नाही. शेठच्या पाहुण्यांसमोर काय बोलायचं, हे विचारल्यासारखं.

“काय नाय बाय,” तो म्हणाला. “काटा टोचला.”

त्याच्या घोट्यावर रक्ताचे दोन थेंब होते. आणि केदार म्हणाला, “हो, काटाच. चला चला, धनेश येतील आता.”

त्याने धनेश दाखवले. मग चहा दिला. नवशा तेवढ्यात तसल्या पायाने पाड्याकडे चालत गेला आणि घराअलीकडच्या शेतात पडला. पाऊण तासाने शालूची किंकाळी ऐकू आली, तेव्हा केदारने गाडी काढली. पालघरला पोचेपर्यंत नवशाची लघवी लाल झाली होती आणि शुद्ध गेली होती. कधी चावला, कुठे चावला, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा केदारच्या तोंडून आपसूक निघालं, “माहीत नाही. प्यायला होता. शेतात पडलेला सापडला.” पाहुण्यांच्या वाटेवर साप चावला हे बाहेर गेलं असतं तर पाटी उतरवावी लागली असती. ते वाक्य नवशाच्या मयताआधी पाड्यावर पोचलं.

तर त्या रविवारी पाहुणे होते तिघंच. बोरिवलीचा मेहुल, त्याची बायको भाविका, आणि मेहुलची आई चंद्रकांताबेन. सत्तरीच्या, गुडघ्यांनी बेजार, साडीवर स्वेटर आणि पायात कॅनव्हासचे बूट.

“मी तर हळू चालणार हं भाई,” त्यांनी आधीच सांगून टाकलं.

धुकं असं पडलं होतं की विहिरीचा रहाट दिसेना. चिकूच्या पानांवरून दव टपटपत होतं. खाडीच्या चिखलाचा वास थेट अंगणापर्यंत आला होता. केदार पुढे, मागे मेहुल आणि भाविका, त्यांच्या मागे बऱ्याच अंतराने चंद्रकांताबेन. भारद्वाज घुमला. केदारने नाव सांगितलं. एक घोरपड ताडाच्या बुंध्याआड सरकली, तीही त्याने दाखवली. सगळं नेहमीसारखं चाललं होतं.

मग मागून आवाज आला. खट्... खट्.

नारळाचा झाप आपटत असेल, असं त्याला वाटलं. पण वारा नव्हता. तो थांबला, आवाज थांबला. चालू लागला की पुन्हा, रांगेच्या अगदी शेवटी, थकल्या पावलांच्या लयीत... खट्... खट्.

“मेहुल,” मागून चंद्रकांताबेन हळूच म्हणाल्या, “ते बघ, वर. ढोलीत.”

आंब्याच्या जुन्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी अंगाला अंग लावून बसली होती. याच झाडाखालून केदार नुकताच गेला होता, आणि त्याला काही दिसलं नव्हतं. गेल्या दोन महिन्यांत त्याला एकही पिंगळा दिसला नव्हता.

“तुम्हाला कसे दिसले?” त्याने विचारलं.

“मला कुठे दिसतंय! काकांनी दाखवलं ने.”

“कोण काका?”

“हे काय, मागे आहेत ते. तुमचे माणूस.”

केदारने त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिलं. धुकंच होतं. त्याने पुढे काही विचारलं नाही. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं. तो भरभर चालू लागला, आणि त्याला निरगुडीचा वास आला. कुणीतरी पाला नुकता हातात चुरगळल्यासारखा, कडू आणि उग्र.

बांधाच्या तोंडाशी फांदी पडली होती.

ताजी. पानं टवटवीत. बांधावरचं गवत दवाने पांढरं झालं होतं, आणि त्यावर कुणाच्या पावलाचा मागमूस नव्हता. केदारला आणखी एक गोष्ट दिसली. फांदी उलटी ठेवलेली होती. शेंडा रिकाम्या बांधाकडे, आणि मोडलेलं टोक इकडे, त्याच्याकडे. अशी चूक नवशाने उभ्या जन्मात केली नव्हती.

“क्या हुआ, केदारभाई?” मेहुल म्हणाला. “चला ने पुढे.”

त्याचा पाय उचललाही गेला. बुटाचं टोक फांदीपर्यंत गेलं. मग त्याने ते मागे घेतलं.

“मागे फिरू,” तो म्हणाला. “वाट... खराब आहे.”

सगळे जागच्या जागी वळले. आणि वळल्यावर केदारच्या ध्यानात आलं की रांग उलटी झाली आहे. आता सगळ्यांत मागे तो होता. आणि सगळ्यांत मागे जो होता, तो आता पुढे.

खट्... खट्... आवाज पुढून येत होता. चंद्रकांताबेन त्याच्या मागोमाग चालल्या होत्या, गुडघे दुखत नसल्यासारख्या.

“डावीकडे,” केदार ओरडला. “घर डावीकडे आहे...”

“काका तर सरळ जातात,” धुक्यातून उत्तर आलं.

त्याला धावत पुढे जाऊन त्यांना अडवता आलं असतं. वाडी त्याची, पाहुणे त्याचे. पण पुढे जायचं म्हणजे त्या आवाजाच्या शेजारून जायचं. तो मान खाली घालून मागोमाग गेला. आपण कुठे चाललो आहोत हे त्याला कुंपणाची फट ओलांडतानाच कळलं. या फटीतून नवशा रोज यायचा. त्या दिवशी, तसल्या पायाने, इथूनच गेला होता.

धुकं विरलं तेव्हा समोर शालूचं घर होतं. दारात पालापाचोळ्याचा मांडव, भगत बसलेला, समोर दिवा आणि तांदूळ. भावकी अंगणाबाहेर उभी होती, एकही माणूस आत बसलेलं नव्हतं. शालू एकटीच उंबऱ्याला टेकून होती. केदारला पाहून ती धडपडत उठली.

“आलात भाऊ...”

चंद्रकांताबेन इकडेतिकडे पाहत होत्या. “ते काका कुठे गेले? आत्ता तर माझ्या पुढे होते. आम्हाला इथे घेऊन आले ने.”

“कोन?” शालूने विचारलं. “कसा व्हता?”

“बारीक. म्हातारे. इथे,” त्यांनी कमरेवर हात ठेवला, “कोयता वाजत होता.”

शालू हळूहळू खाली बसली. भगताने हातातले तांदूळ ताटलीत परत ठेवले आणि सगळी माणसं केदारकडे पाहू लागली.

तेव्हा केदार बोलला. ठरवून नाही, त्याला उभं राहवेना म्हणून.

“नवशा प्यायला नव्हता. मी खोटं बोललो. त्याने फांदी टाकली होती. बांधावर. ती मी काढली. पाहुणे पुढे गेले, मुलीला वाचवायला तो धावला आणि... त्याने आण मोडली नाही. शेवटपर्यंत मोडली नाही.”

भाविकाने तोंडावर हात धरला. मेहुल जमिनीकडे पाहत राहिला. शरमेने केदारच्या कानशिलांत जाळ उठला होता, पण त्यातही छातीवरचा धोंडा हलल्यासारखं वाटत होतं.

“मंग?” शालूने विचारलं. “जनावर लागलं, हे तुमाला तवाच समजलं? तवाच गाडी काढली असती तर...”

एवढं एकच वाक्य बोलायचं राहिलं होतं. नवशाच्या घोट्यावरचे दोन थेंब त्याच्या डोळ्यांसमोर होते.

“नाही,” केदार म्हणाला. “अंधार झाला होता. मला दिसलं नाही.”

शालूने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग डोळे पुसले. “बरं. तो पिला नव्हता, येवढं तुमी चारचौघांत बोललात. बस झालं.” तिने भावकीकडे मान वळवली, आणि एकेक करून माणसं आत येऊन बसली. भगताने गायला सुरुवात केली.

परतताना चंद्रकांताबेनचे गुडघे पुन्हा दुखू लागले. केदारने त्यांना हाताचा आधार दिला.

“भले माणूस हं ते,” त्या म्हणाल्या. “स्वतःचा पाय दुखत होता तरी माझ्यासाठी थांबत होते. डावा पाय. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले...”

“नका सांगू,” केदार म्हणाला.

“अरे, काही नाही. म्हणाले, काटा टोचला.”

पाहुणे दुपारच्या गाडीने गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी केदार उठला तर खोलीत तोच कडू वास कोंडला होता. कडी आतून लावलेली. दार आणि पलंग यांच्या मध्ये फरशीवर निरगुडीची फांदी होती. शेंडा दाराकडे. मोडलेलं टोक पलंगाकडे.

बांधावर फांदी उलटी नव्हती, हे त्याला तेव्हा कळलं. मोडलेलं टोक जनावराकडे, हीच नवशाची रीत.

समिधा जागी व्हायच्या आत त्याने ती विहिरीमागे नेऊन जाळली. पुढच्या रात्री डोकं दुखतंय असं सांगून तो पाहुण्यांच्या तीन नंबरच्या रिकाम्या खोलीत निजला. सकाळी फांदी तीन नंबरच्या खोलीत होती, टोक त्याच्या उशाकडे करून. समिधाच्या खोलीत काही नव्हतं. जेवणघराच्या भिंतीवरचं ते छापलेलं वाक्य त्याने काढून टाकलं. त्याने काहीच फरक पडला नाही.

काय करायला हवं हे त्याला नीट कळतं. कुंपणाच्या फटीतून पाच मिनिटांची वाट आहे, शालू दुपारी घरीच असते, आणि सांगायचं आहे एकच वाक्य. मला दिसलं होतं. रोज तो फटीपर्यंत जातो. तिथे उभा राहतो, रक्ताचे दोन थेंब आठवतात, चहाचे कप आठवतात, आणि लाजेने पाय पुढे टाकवत नाही. मग तो मागे फिरतो. मागे फिरला की चार पावलांवरून आवाज सोबत येऊ लागतो, सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या मागे यावा तसा.

काल समिधा म्हणाली, “असं वेगळं निजणं पुरे झालं. काय ते माझ्याशी बोला.” तिने दोघांचं अंथरूण एकाच खोलीत, खाली शेजारी-शेजारी घातलं. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

आज उजाडताना त्याचे डोळे उघडले ते त्या वासाने. समिधा गाढ झोपली होती. दोन्ही गाद्यांच्या मधल्या वीतभर जागेत फांदी ठेवलेली होती. पानांनी भरलेला शेंडा समिधाच्या हाताला लागत होता. मोडलेलं टोक त्याच्याकडे होतं, आणि अजून ओलं होतं.